थिजलेला पडदा आणि आडवाटांचा इतिहास

१

२००४ सालचा पावसाळा. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची प्रबंधिका मी लिहीत होते. विषय महानुभाव गद्याचा. घरी एक डेस्कटॉप संगणक होता, ओळखीच्या दुकानदाराकडून सुटे भाग जुळवून घेतलेला. रात्री साडेअकराच्या सुमारास, तिसरे प्रकरण रंगात आलेले असताना, पडद्यावरचा कर्सर लुकलुकायचा थांबला. माउस हलवला, बाण जागचा हलेना. कळफलक बडवून पाहिला, एक अक्षर उमटेना. आश्चर्य असे की संगणकावर लावलेले गाणे मात्र सुरळीत चालू होते आणि कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा हिरवा दिवा इमानाने लागत-विझत होता. म्हणजे यंत्र मेले नव्हते. आत कुठेतरी ते जागे होते. फक्त त्याचा चेहरा थिजला होता. पडद्यावर दिसत होत्या तेवढ्या बावीस ओळी मी पेन्सिलीने वहीत उतरवून घेतल्या आणि मग बटण दाबून संगणक बंद केला. वरची तीन पाने गेली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, ड्रायव्हर हँग होतोय." ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एस.टी.चा चालक उभा राहिला, हे कबूल करायला हरकत नाही. त्याने संगणक पुन्हा सुरू करताना एफ-८ ची कळ दाबली, काळ्या पडद्यावरच्या यादीतून एक पर्याय निवडला, मग मोठ्या ढोबळ अक्षरांच्या पडद्यावर कुठल्याशा खिडकीत शिरून एक सरकपट्टी उजवीकडून डावीकडे ओढली. "आता चालेल. सिनेमा जरा अडखळेल, पण टायपिंगला काही होणार नाही." दोष काय होता हे त्याने सांगितले नाही. ते त्याला ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याने दोष दुरुस्त केला नव्हता. दोषाला वळसा घालून जाणारी एक आडवाट दाखवली होती. त्या आडवाटेने तो संगणक पुढे दोन वर्षे चालला.

हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारू शकेल. पण पडदा का थिजतो आणि माणसे त्यातून वाट कशी काढत आली, याचा इतिहास वाचू लागल्यावर मला त्यात आपल्या ओळखीचेच प्रश्न दिसू लागले: मूळ संहिता कोणाच्या हाती असते, ती हाती नसलेला वाचक काय करतो, आणि चूक होणारच हे गृहीत धरून रचना करता येते का. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक धागा उलगडण्याचा प्रयत्न आहे.

२

ग्राफिक्स म्हटले की आपल्याला खेळ आणि सिनेमे आठवतात. परंतु देवनागरी लिहिणाऱ्याला ग्राफिक्स ही चैनीची बाब कधीच नव्हती. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाचा पडदा अक्षरांसाठी आखलेला होता: आडवे ८० रकाने, उभ्या २५ ओळी. प्रत्येक चौकटीत एक अक्षर. अशी २५६ अक्षरचिन्हे पडदा चालवणाऱ्या कार्डावरील एका चिपमध्ये कायमची कोरलेली असत. प्रोग्रॅमने फक्त क्रमांक सांगायचा. अक्षर रेखाटण्याचे काम कार्डाचे. अक्षराला एक बाइट आणि त्याच्या रंगाला एक, असा हिशेब धरला तर संपूर्ण पडदा अवघ्या ४,००० बाइटांत मावत असे. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण तिच्यात फारसे काही नव्हतेच.

पण ही चौकट रोमन लिपीच्या मापाची होती. जोडाक्षरे, वर जाणारी वेलांटी, खाली लोंबणारा उकार, आधी दिसणारी आणि नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व इकाराची मात्रा, यांना त्या सारख्या आकाराच्या कप्प्यांत जागा नव्हती. म्हणून देवनागरीला अक्षर म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून संगणकात शिरावे लागले. आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले या दिशेचे काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत विस्तारले आणि 'जिस्ट' या नावाचे एक कार्ड संगणकाच्या खाचेत बसवून डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दाखवता येऊ लागल्या. 'जिस्ट' या आद्याक्षरी नावातले पहिले अक्षर ग्राफिक्सचे आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. मराठी मजकूर पडद्यावर दिसतो तो चित्ररूपाने. मात्र तो साठवला जातो तो संकेतांकांच्या रूपाने. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेला 'इस्की' हा संकेत त्याचसाठी होता. चित्र एक, मजकूर दुसरा. हा भेद त्या रात्री मला ठाऊक असता तर निदान काय गमावते आहे हे तरी कळले असते. पुढच्या इतिहासातही हाच भेद पुन्हा पुन्हा येतो.

१९८७ साली आय.बी.एम.नेच व्हीजीए ही पद्धत आणली. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके आणि सोळा रंग. आता खिडक्या, चिन्हे, हवे ते अक्षरवळण पडद्यावर काढता येऊ लागले. पण प्रत्येक ठिपक्याचा हिशेब ठेवण्याचा भार मुख्य प्रोसेसरवर पडू लागला. तो हलका करण्यासाठी नव्वदच्या दशकात स्वतःचा प्रोसेसर असलेली कार्डे आली. रेघ ओढ, चौकोन भर, खिडकी इकडून तिकडे सरकव, अशा आज्ञा दिल्या की पुढचे काम कार्डच करी. मात्र प्रत्येक कंपनीच्या कार्डाची भाषा निराळी. कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, या साऱ्या भाषा येणे शक्य नव्हते. म्हणून मध्ये दुभाष्या आला. तोच ड्रायव्हर. तो लिहिला बहुधा कार्ड बनवणाऱ्या कंपनीने, आणि चालला मात्र दुसऱ्याच्या घरात.

पडदा थिजतो तो या दुभाष्यापाशी. ड्रायव्हर कार्डाला आज्ञांची एक माळ पाठवतो आणि 'झाले' या उत्तराची वाट पाहतो. आज्ञेत चूक असेल, कार्ड तापले असेल, वीजपुरवठा डळमळला असेल, तर उत्तर येत नाही. ड्रायव्हर पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो, विचारतच राहतो. पडद्यावर काही उमटवू पाहणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. ज्यांना पडद्याशी कर्तव्य नाही ते चालू राहतात: म्हणून माझे गाणे चालू होते.

३

एका दुभाष्याची वाचा बसली म्हणून सारा दरबार का थांबावा? याचे उत्तर सत्तेच्या रचनेत आहे. आधुनिक कार्यप्रणालीचे दोन भाग असतात. एक गाभा, ज्याला सर्व स्मृतीवर आणि सर्व यंत्रसामग्रीवर अधिकार असतो. आणि त्याबाहेरचा भाग, जिथे आपले नेहमीचे प्रोग्रॅम चालतात आणि एकमेकांच्या हद्दीत शिरू शकत नाहीत. देवळाच्या भाषेत सांगायचे तर गाभारा आणि सभामंडप. सभामंडपात कोणी घेरी येऊन पडला तर त्याला उचलून बाहेर नेता येते. गाभाऱ्यात पडला तर पूजाच थांबते.

१९९३ साली डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली विंडोज एनटी ३.१ ही प्रणाली या भेदाबाबत कडक होती. खिडक्या सांभाळणारा भाग, चित्रे काढणारा भाग आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा अंश तिने गाभ्याबाहेर ठेवला होता. त्याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागे, कारण दर वेळी सभामंडप आणि गाभारा यांच्यामधला उंबरठा ओलांडण्यात वेळ जाई. १९९६ साली आलेल्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने हा भाग गाभ्यात हलवला. पडदा चपळ झाला. पण आता ड्रायव्हरमधली एक चूक सबंध यंत्र खाली आणू शकत होती.

या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. न्यायाने पाहिले तर त्याचे समर्थनही अगदीच पोकळ नव्हते. खिडक्यांचा कारभार पाहणारी प्रक्रिया कोसळली तर आधीच्या रचनेतही यंत्र वापरण्याजोगे राहत नव्हतेच, मग तिला बाहेर ठेवून फायदा काय, असा तो युक्तिवाद होता. पण तेव्हा जे दुर्लक्षिले गेले ते असे: बाहेर पडलेल्याला उचलण्याची सोय आज नसली तरी उद्या करता येते. आत पडलेल्याबाबत ती शक्यताच संपते. पुढची दहा वर्षे डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी या निवडीचा अनुभव घेतला.

गाभ्यात आलेले हे पाहुणे किती भरवशाचे असतात, याचा एक दाखला दुसऱ्या छावणीतून मिळतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सच्या गाभ्यातील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले. यात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा आळस शोधणे अन्यायाचे होईल. गाभा हजारो यंत्रांवर, रोज, सर्वांच्या नजरेखाली घासला जातो. एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र ते कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुरताच तपासला जातो, आणि बाजारात नवे कार्ड येण्याच्या घाईत लिहिला जातो.

४

याच दशकात आडवाटांची एक मौखिक परंपरा तयार झाली. तिचे कर्ते अनाम आहेत. दुरुस्ती करणारी मुले, सायबर कॅफे चालवणारे, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक, यांच्या तोंडातून ती पसरली. २००१ सालच्या विंडोज एक्सपीवर ड्रायव्हर अडकला तर कधी कधी निळा पडदा येई आणि त्यावर लिहिलेले असे की ड्रायव्हर न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला आहे. निदान अचूक होते. उपाय मात्र तिथे नव्हता. तो या परंपरेत होता.

तिचे मुख्य पाठ साधारण असे सांगता येतील. पहिला, माझ्याकडे आलेल्या मुलाने वापरलेला: एफ-८ दाबून साध्या व्हीजीए पद्धतीत यंत्र सुरू करणे. कंपनीचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि १९८७ सालची ती जुनी, सर्व कार्डांना येणारी सामाईक बोली वापरली जाते. दुसरा, 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' ही सरकपट्टी डावीकडे ओढणे, म्हणजे कार्डावर सोपवलेली कामे एकेक करून परत मुख्य प्रोसेसरकडे घेणे. तिसरा, नव्या ड्रायव्हरऐवजी मागची, सिद्ध झालेली आवृत्ती घालणे. चौथा, कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील एजीपी मार्गाचा वेग मुद्दाम कमी करणे. पाचवा सर्वांत घरगुती: खोके उघडून पंख्यावरची धूळ झाडणे आणि कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवणे.

हा पाचवा पाठ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या काळात सदोष कॅपॅसिटरांची एक साथच जगभरच्या मदरबोर्डांवर आली होती. टोपी फुगलेले ते लहान नळकांडे डोळ्यांनी दिसे. अशा यंत्रात पडदा थिजला की दोष ड्रायव्हरवर येई, आणि खरे दुखणे वीजपुरवठ्यात असे. लक्षण एकच, कारणे अनेक. म्हणून या परंपरेतले जाणते लोक एका वेळी एकच गोष्ट बदलत आणि थांबून पाहत. पाठभेद तपासणाऱ्याला ही शिस्त अपरिचित नसावी.

या सर्व पाठांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक आडवाट माणसाला एक पायरी खाली उतरवते: वेगाकडून संथपणाकडे, नव्याकडून जुन्याकडे, विशेषाकडून सामान्याकडे. आणि ती वाट उपलब्ध असते ती केवळ खालची पायरी कोणीतरी मोडून टाकलेली नसते म्हणून. विंडोज एनटीच्या सुरुवातीच्या यादीत 'व्हीजीए मोड' अशी एक वेगळी ओळ असे. विंडोज ९५ मध्येही सेफ मोड होता. सर्वांत कुरूप पडदा हाच सर्वांत भरवशाचा पडदा होता.

५

लिनक्सच्या जगात या कथेला निराळे वळण मिळाले. तिथला पडदा एम.आय.टी.मध्ये १९८४ साली जन्मलेल्या एक्स विंडो सिस्टिमवर चाले. ही व्यवस्था गाभ्याबाहेरची एक स्वतंत्र प्रक्रिया होती, पण तिला कार्डाला थेट हात घालण्याचा विशेष अधिकार असे. त्यामुळे थिजणे तिलाही चुकले नव्हते. फरक पडला तो पुढच्या टप्प्यात. पडदा आणि कळफलक निकामी झाले तरी यंत्राचे जाळ्याशी असलेले नाते पुष्कळदा शाबूत असे. शेजारच्या संगणकावरून त्यात प्रवेश करायचा, अडकलेली प्रक्रिया संपवायची, पडदा नव्याने उभा करायचा. ज्याचा चेहरा थिजला आहे त्याच्याशी मागच्या दाराने बोलायचे.

तेही जमले नाही तर आणखी एक वाट होती. ऑल्ट आणि सिस्टिम रिक्वेस्ट या कळा धरून ठेवून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने, मध्ये थोडे थांबत, दाबायची. कळफलक परत ताब्यात घे. सर्वांना आवरते घ्यायला सांग. न ऐकणाऱ्यांना संपव. स्मृतीत थांबलेले डिस्कवर उतरव. डिस्क लिहिण्यासाठी बंद कर. पुन्हा सुरू हो. या आज्ञा थेट गाभ्याला जातात, थिजलेल्या पडद्याची त्यांना गरज नसते. न जतन केलेली पाने याने परत मिळत नाहीत, पण जे जतन केले आहे ते मोडत नाही. बटण दाबून यंत्राचा गळा घोटण्यापेक्षा हा निरोप पुष्कळच सभ्य म्हणायचा.

पण मूळ प्रश्न तसाच होता: दुभाष्याच्या मनात काय चालले आहे हे कोणी पाहू शकत नव्हते. कंपन्या ड्रायव्हर देत, त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, देत नसत. इथे एक जुनी हकीकत आठवते. १९८० च्या सुमारास एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक आडवाट काढली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाईल असा बदल त्यांनी प्रोग्रॅममध्ये केला होता. दोष दूर झाला नव्हता, पण माणसे ताटकळत नव्हती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमची संहिता त्यांना मिळाली नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या व्यक्तीकडे ती होती त्याने गुप्ततेच्या करारामुळे नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा तो आरंभ मानला जातो आणि प्रिंटरची ही हकीकत ते तिच्या मुळाशी असलेला एक अनुभव म्हणून सांगत आले आहेत. आडवाट काढण्याचा अधिकारही संहिता वाचण्याच्या अधिकाराशी बांधलेला असतो, हे त्या नकाराने शिकवले.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात हा संघर्ष आणखी लांबला. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी काही स्वयंसेवकांनी 'नूवो' नावाचा ड्रायव्हर लिहायला घेतला. कार्डाची भाषा समजावून देणारा कोश त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चालवला, तो कार्डाच्या कप्प्यांत कोणते आकडे लिहितो याची नोंद केली, एखादी गोष्ट बदलून पुन्हा चालवला, पुन्हा नोंद केली, आणि दोन नोंदी शेजारी ठेवून अर्थ लावला. २०१० साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर ते भांडार अभ्यासकांना खुले झाले, हे आपण वर्गात शिकवतो. दोन्ही ठिकाणी हेतू निराळे होते: तिथे पंथाचे रक्षण, इथे व्यापाराचे. पण बंद संहितेपुढे बसलेल्या वाचकाची साधना मला एकाच जातीची वाटते.

६

विंडोजच्या बाजूला मोठा बदल विस्टाबरोबर आला. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या या प्रणालीने ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. मोठा आणि गुंतागुंतीचा तुकडा पुन्हा गाभ्याबाहेर पाठवला. लहानसा आत ठेवला. एनटी ४.० ने घेतलेले पाऊल दहा वर्षांनी बरेचसे मागे घेतले गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यप्रणाली आता कार्डावर घड्याळ लावून बसली. सोपवलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही तर ती कार्ड थिजल्याचे ठरवते, त्याला नव्याने सुरू करते, ड्रायव्हर पुन्हा उभा करते. पडदा क्षणभर काळा होतो आणि कोपऱ्यात निरोप येतो की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो आता सावरला आहे. वारंवार असे घडले तर मात्र ती हात टेकते आणि निळा पडदा दाखवते.

दोन सेकंदच का? इथे एक खोल अडचण आहे. एखादा प्रोग्रॅम कधी तरी थांबेल की अनंत काळ फिरत राहील, हे सर्व प्रोग्रॅमांबाबत ठरवून सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली मांडलेल्या सिद्धांतातून निष्पन्न होते. संशोधकांनी विशिष्ट ड्रायव्हर थांबतील याची सिद्धता देणारी साधने २००६ च्या सुमारास तयार करून दाखवली. पण तो मर्यादित प्रांत झाला. रंगमंचावर नट बोलता बोलता थांबला तर विंगेतल्या प्रॉम्प्टरपुढे हाच पेच असतो: हा संहितेतला विराम आहे की विस्मृती? खात्री करून घेता येत नाही. काही वेळ वाट पाहून शब्द पुरवायचा, एवढेच हातात असते. दोन सेकंद हा सिद्धांत नाही, अदमास आहे. तो चुकतोही. कार्डावर प्रामाणिकपणे लांबलचक गणित चालू असले तरी त्याला थिजलेले समजून तोडले जाते, आणि मग ही मुदत वाढवण्याची आणखी एक आडवाट माणसे शोधतात.

विस्टाने सारे आलबेल केले असे मात्र नाही. नव्या रचनेसाठी सर्व ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि सुरुवातीचे कच्चे होते. अमेरिकेतील एका खटल्यात २००८ साली उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत पत्रव्यवहारात २००७ सालच्या एका काळातील विस्टा कोसळण्याच्या नोंदींची विभागणी होती. त्यात सुमारे २९ टक्के नोंदी एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होत्या. अर्थात त्या कंपनीची कार्डे किती यंत्रांत होती हे त्या आकड्यातून कळत नाही, म्हणून त्यावरून गुणवत्तेची तुलना करणे धाडसाचे ठरेल. रचना योग्य दिशेने बदलली तरी तिची फळे उशिरा येतात, एवढे त्यावरून म्हणता येते.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येईल. एटीआय ताब्यात घेतल्यावर एएमडीने २००७ साली आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास सुरुवात केली. लिनक्सने २००९ पासून पडद्याची मांडणी गाभ्याकडे घेतली. ती बिघडली तर टाळण्यासाठी 'नोमोडसेट' हा शब्द सुरुवातीलाच टंकण्याची सोय ठेवली. २०११ साली आलेल्या फायरफॉक्स ४ मध्ये चित्रणाचे काम कार्डाकडे देताना बदनाम ड्रायव्हरांची एक यादीच सोबत होती. त्यातला ड्रायव्हर दिसला की ब्राउझर निमूटपणे जुन्या संथ मार्गाने जाई. विंडोज १० मध्ये चार कळा एकत्र दाबून ड्रायव्हर पुन्हा सुरू करता येऊ लागला. आणि मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने लिनक्ससाठीच्या आपल्या ड्रायव्हरच्या गाभ्यातील भागाची संहिता खुली केली. बाहेरचा मोठा भाग मात्र बंदच ठेवला.

७

हा सारा पट एकत्र पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. शेजारच्या संगणकावरून अडकलेली प्रक्रिया संपवून पडदा पुन्हा उभा करणारा माणूस जे हाताने करत होता, तेच विस्टा दोन सेकंदांच्या मुदतीने आपोआप करू लागली. सरकपट्टी डावीकडे ओढणारा मुलगा जे करत होता, तेच ब्राउझरची यादी करू लागली. कोणी कोणाचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण कालक्रम स्पष्ट आहे: आडवाटा आधी होत्या, राजरस्ता मागाहून त्याच दिशेने गेला. निर्दोष दुभाष्या मिळेल ही आशा सोडून, दुभाष्या अडखळणारच हे धरून चालणारी रचना उभी राहिली. तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लावणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. या इतिहासात मात्र वळसा घालणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची नावे कुठेच नाहीत. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे न सांगता आल्याने त्यांचे वाङ्मयीन मोल कमी झाले, असे आपण मानत नाही.

त्या रात्रीबद्दल एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा उमगली. मी बटण दाबले त्या क्षणापर्यंत ती तीन पाने यंत्राच्या स्मृतीत शाबूत असणार. थिजले होते ते चित्र. मजकूर जिवंत होता. त्याला बाहेर काढण्याची वाट त्या प्रणालीत मला बहुधा सापडली नसती, हे खरे. तरीही अक्षर या शब्दाची 'न क्षरणारे' ही फोड वर्गात सांगताना मला ते बटण आठवते. तेव्हापासून दर परिच्छेदानंतर जतन करण्याची सवय लागली ती आजतागायत आहे. आता लेखनाचे प्रोग्रॅम ते काम स्वतःच करतात तरी बोटे ऐकत नाहीत.

पेन्सिलीने उतरवलेल्या त्या बावीस ओळींची वही माझ्याकडे अजून आहे. गेलेली तीन पाने मी पुन्हा लिहिली, पण ती तीच नव्हती. प्रबंधिका वाचून मार्गदर्शक सरांनी तिसऱ्या प्रकरणातल्या एका परिच्छेदाशी समासात खूण केली होती आणि विचारले होते, "इथली भाषा एवढी सावकाश कशी झाली?" तो परिच्छेद त्या वहीतून आलेला होता.